गोदावरीचा गाळ

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. तरी ती पूर्वेची वाट धरते आणि १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. 'पठाराचा उतार पूर्वेकडे आहे' हे त्याचे कारण आपण वर्गात सांगतो. पण पाण्याबरोबर आणखी काय जाते, हे सहसा कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रात नदीच्या बऱ्याच खोऱ्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट आहे. पुढे पूर्व घाटात त्याहून कितीतरी जुने, पट्टिताश्मांसारखे खडक लागतात. या दोन प्रकारच्या खडकांत निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगवेगळे असते. खडकाचा चुरा होऊन चिखल झाला तरी ते फारसे बदलत नाही. म्हणून थोडासा गाळ तपासून त्याचे माहेर ओळखता येते!

नदीच्या मुखासमोर, समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या थरांचा असा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे अकरा हजार वर्षांची नोंद सापडली. गेल्या चारेक हजार वर्षांत हवामान कोरडे होत गेले आणि नेमकी तेव्हाच दख्खनची माती जास्त वाहून येऊ लागली. पाऊस कमी, तर धूपही कमी व्हायला हवी ना? तसे होत नाही. झाडोरा विरळ झाला की उघड्या जमिनीवर पडणारी एकच जोराची सर पुष्कळ माती नेते. त्याच काळात प्रवरेकाठी दायमाबाद, जोर्वे येथे शेतकऱ्यांच्या वस्त्या होत्या. शेतीच्या विस्ताराने धुपेत भर घातली, असे या संशोधकांना वाटते.

आंध्रचा सुपीक त्रिभुज प्रदेश नदीने आणलेल्या गाळाचाच. आर्थर कॉटनने धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा केला, तो या जमिनीला पाणी देण्यासाठी. आता मात्र जायकवाडीपासून खाली अनेक धरणांत गाळ अडतो. मुखाशी तो कमी पोचतो आणि काही ठिकाणी समुद्र किनारा खात आत येतो आहे.

पावसाळ्यात ओढ्याचे गढूळ पाणी बरणीत भरून वर्गात ठेवावे. वाळू मिनिटभरात तळाशी जाते. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत असते. वाहती नदी आणि धरणाचे संथ पाणी यांतला फरक मुलांना यावरून सांगता येईल.