विश्लेषण : सर्व्हरही निवडणूक घेतात, पण पद्धत कोणती निवडावी?

क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीचा डॅशबोर्ड आणि एपीआय २ नोव्हेंबर २०२० रोजी सहा तास ३३ मिनिटे विस्कळीत होते. कारण, एक नेटवर्क स्विच. तो पूर्ण बंद पडला असता तर कदाचित इतके बिघडले नसते. तो अर्धवट चालू राहिला, तेही जेमतेम सहा मिनिटे.

सहमती कशासाठी?

समजा, खात्यात ५०० रुपये आहेत आणि त्याची नोंद तीन सर्व्हरवर आहे. दोन ठिकाणांहून एकाच वेळी ५०० रुपये काढण्याची विनंती आली, तर आधी कोणती हे तिघांना मिळून ठरवावे लागते; एखादा मध्येच बंद पडला तरीही. हे ठरवण्याची रीत म्हणजे ‘कन्सेन्सस अल्गोरिदम’. बहुमत हा तिचा पाया. तीनपैकी एक किंवा पाचपैकी दोन सर्व्हर गेले तरी काम चालते. चार ठेवून मात्र फायदा नाही, कारण बहुमताला तीन लागतात.

पॅक्सॉस की राफ्ट?

लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. गणिताने पक्की, समजायला महाकठीण. म्हणून स्टॅनफर्डच्या दिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये राफ्ट मांडली. त्यांनी ४३ विद्यार्थ्यांना दोन्ही शिकवून प्रश्न विचारले, तेव्हा ३३ जणांना राफ्टची उत्तरे अधिक चांगली देता आली. बहुतेक कामांसाठी हाच मुद्दा निर्णायक ठरावा. रात्री दोन वाजता यंत्रणा कोलमडते, तेव्हा दुरुस्त करणाऱ्याला ती समजलेली असावी लागते.

मग गोंधळ का झाला?

राफ्टमधला नेता ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असा संदेश धाडतो. तो न मिळाल्यास दुसरा सर्व्हर निवडणूक लावतो. क्लाउडफ्लेअरकडे राफ्टवर चालणारे एटसीडी हे सॉफ्टवेअर तीन सर्व्हरवर होते. पहिल्याचा तिसऱ्याशी, म्हणजे नेत्याशी, संपर्क तुटला. दुसऱ्याचा दोघांशीही होता. पहिला पुन्हा पुन्हा निवडणूक लावत राहिला आणि निवडणुकीत नवी नोंद होत नाही. परिणामी डेटाबेस सांभाळणाऱ्या यंत्रणेने मुख्य डेटाबेस बदलले, त्यांच्या प्रती नव्याने तयार कराव्या लागल्या आणि त्यातच तास गेले.

निवडताना काय पाहावे?

सर्व्हर फक्त बंद पडतील, की खोटेही बोलतील? राफ्ट आणि पॅक्सॉस पहिल्या शक्यतेसाठी आहेत. एकाच कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये तेवढे पुरते. परस्परांवर विश्वास नसलेल्या संस्थांना ‘बायझंटाइन’ दोष सोसणारी पद्धत लागते. तिथे एका खोट्या सर्व्हरला पुरून उरायला एकूण चार लागतात, दोघांना सात.

क्लाउडफ्लेअरने आपल्या बिघाडाला ‘बायझंटाइन’ म्हटले होते. खरे तर तिथे कोणी खोटे बोलले नव्हते. एकाला दुसऱ्याचे ऐकू येत नव्हते, इतकेच. त्यावर राफ्टमध्येच ‘प्री-व्होट’चा उपाय आहे : निवडणूक लावण्याआधी इतरांना विचारायचे, तुम्हालाही नेता दिसत नाही का? एटसीडीच्या ३.५ आवृत्तीपासून ही सोय आपोआप सुरू असते.