अंगभर खाज, पण पुरळ नाही

अंगाला खाज सुटली की मालगुंड-गणपतीपुळ्याकडच्या घरांत ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी लावतात. गांधी उठल्या असतील तर त्याने बरं वाटतं. पण अंगावर गांधी, पुरळ, फोड काहीच नाही आणि तरी खाज थांबत नाही, तेव्हा कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे कोरडी त्वचा. वय वाढतं तशी त्वचेची तेलाची निर्मिती घटते. समुद्राकाठची हवा दमट असली, तरी बंबातलं कढत पाणी आणि अंगभर चोळलेला साबण उरलंसुरलं तेलही धुऊन नेतात. कोमट पाण्याने आंघोळ करा, साबण काखा-जांघांपुरताच वापरा आणि अंग टिपून जरा ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा. दोनेक आठवड्यांत फरक दिसायला हवा.

नाही दिसला, तर रक्त तपासा. यकृतातून पित्त वाहून जायला अडथळा आला की डोळे पिवळे होण्याआधीही खाज सुटू शकते. मूत्रपिंडाचा जुना विकार, थायरॉईड, मधुमेह, लोहाची कमतरता आणि काही औषधं हीसुद्धा कारणं असतात. सोबत वजन घटणं, रात्री घाम, मानेत वा काखेत गाठी असतील तर मुळीच थांबू नका. हिमोग्राम, साखर, क्रिएटिनिन, यकृत व थायरॉईडच्या तपासण्यांतून बरंचसं कळतं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, खाज सुटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्तातली पित्ताम्लं फार वाढली तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. ‘पोट ताणलंय म्हणून खाजतंय’ असं समजून दिवस घालवू नयेत.

घरात दोघा-तिघांना रात्री खाज येत असेल, तर बोटांच्या बेचक्या आणि मनगटं नीट पाहा. खरजेचे बारीक फोड सहज नजरेतून सुटतात. तिचं मलम सगळ्या घराने एकाच दिवशी लावायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं, नाहीतर ती घरातच फिरत राहते.

उपचार कारणानुसार बदलतात. मूत्रपिंडाच्या खाजेवर गॅबापेंटिनची छोटी मात्रा उपयोगी पडते, पित्ताच्या अडथळ्यावर वेगळी औषधं लागतात. अशा खाजेत हिस्टामिनचा वाटा बहुधा नसतो; त्यामुळे अ‍ॅलर्जीच्या गोळीने झोप येते, खाज जात नाही. वयस्कर माणूस त्या गुंगीत पडण्याची भीती वेगळीच. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं तर त्वचा पातळ करतात आणि खरूज, गजकर्ण झाकून ठेवतात.

सहा आठवडे उलटूनही खाज गेली नाही, तर चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांकडे या. त्यातली एखादी गोळीच कारण असू शकते. मात्र ती आपल्या मनाने बंद करू नका.