मोटारीच्या तीन गाळण्या

मोटारीस पेट्रोल लागतें हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु पेट्रोलापेक्षां कितीतरी अधिक हवा लागते, हें मालकाच्याही सहसा ध्यानांत येत नाहीं. एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठीं इंजिन सुमारें ९,००० लिटर हवा ओढून घेतें. ही हवा रस्त्यावरची, म्हणजे धुळीनें भरलेली. धुळींतील वाळूचे कण सिलिंडरच्या लोखंडाहूनही कठीण असल्यामुळें, ते आंत शिरल्यास त्याची गुळगुळीत भिंत काचकागदाप्रमाणें घासून काढतात. त्यांना दाराशींच अडविणें हें हवेच्या गाळणीचें काम.

दुसरी गाळणी इंधनाची. टाकींतील गंज व गाळ पेट्रोल फवारणाऱ्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसला, तर इंजिन अडखळूं लागतें.

तिसरी गाळणी तेलाची. फिरता दांडा व त्याचें बेअरिंग यांना एकमेकांपासून अलग ठेवणारा तेलाचा थर मनुष्याच्या केसाहूनही पातळ असतो. त्यांत धातूचा कीस मिसळला कीं रक्षण करणारें तेलच झिजविण्याचें काम करूं लागतें. आरंभींच्या मोटारींत फार तर एक जाड जाळी असे, आणि तेल वरचेवर बदलणें हाच उपाय होता. १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड यांनीं 'प्युरोलेटर' ही तेलाची गाळणी सिद्ध केली, आणि १९२४ च्या क्रायस्लर मोटारींत अशी गाळणी मुळापासूनच बसविलेली होती.

गाळणी असली म्हणजे निर्धास्त राहावें, असें मात्र नाहीं. ती तुंबल्यास तेलाचा प्रवाह खुंटून इंजिन जळूं नये, म्हणून एक झडप योजिलेली असते. दाब वाढतांच ती उघडते आणि तेल न गाळतांच पुढें जातें. अजिबात तेल नसण्यापेक्षां गढूळ तेल बरें, हा त्यांतील हिशेब. मोटार पूर्ववत् धावत राहते, मालकास कांहींच कळत नाहीं, आणि आंत झीज चालूं होते. पुढें निळसर धूर दिसूं लागल्यावर गाळणी बदलून काय उपयोग? झिजलेलें लोखंड परत येत नाहीं.

म्हणून गाळणी बदलण्याची वेळ इंजिनच्या आवाजावरून ठरवावयाची नसते; मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंतील मुदत पाहून ठरवावयाची असते. धुळीच्या रस्त्यानें नित्य जाणाऱ्या मोटारीस ती मुदतही अलीकडे आणावी लागते. गाळणीची किंमत थोडी, इंजिनची फार. काटकसर कोणती, हें गृहस्थानेंच ठरवावें.