दाबा आणि थांबा!

दोस्तांनो, आधी एक गंमत करून बघा. डाव्या हाताच्या एका बोटाचं नख उजव्या अंगठ्याने पाच सेकंद घट्ट दाबून धरा. आता सोडा. नख पांढरंफटक पडलेलं दिसलं ना? आणि मनात 'एक, दोन' म्हणेपर्यंत ते पुन्हा गुलाबी झालं! नखाखालच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांमधलं रक्त तुमच्या दाबामुळे बाजूला सरकलं आणि दाब जाताच परत आलं. डॉक्टरसुद्धा कधीकधी पेशंटचं नख असंच दाबून बघतात. रक्त दोन सेकंदांत परतलं, की बोटापर्यंत ते नीट पोचतंय हे त्यांना कळतं.

म्हणजे नुसत्या अंगठ्याने रक्त अडवता येतं! कुणाला लागलं आणि रक्त वाहायला लागलं, तर प्रथमोपचारातली सगळ्यात मोठी युक्ती हीच. तिला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. पण अडवलेलं रक्त हात काढल्यावरही थांबलेलंच कसं राहतं? खरी कमाल तर पुढेच आहे.

समजा, पेरू कापताना सुरी बोटाला लागली. त्याच क्षणी कापलेली रक्तवाहिनी स्वतःला आवळून घेते. तोंड लहान झालं, की रक्तही कमी वाहतं. तेवढ्यात तिथे प्लेटलेट्स पोचतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात. त्या इतक्या चिमुकल्या असतात, की एका मिलिमीटरमध्ये तीनशे-चारशे जणी ओळीने सहज मावतील. रक्ताच्या एका थेंबात त्या असतात एक कोटीच्या आसपास! एरवी या गुळगुळीत चकत्या रक्ताबरोबर मजेत फिरत असतात. पण रक्तवाहिनी फाटलेली दिसली, की त्यांचं रूपच बदलतं. त्यांना पायांसारखे फाटे फुटतात, त्या चिकट होतात, जखमेच्या कडेला आणि एकमेकींना चिकटून बसतात. 1882 साली इटलीतल्या जुलिओ बिझोझेरो या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं हे काम ओळखलं.

पण नुसत्या प्लेटलेट्सचं बूच तसं कच्चंच. म्हणून रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनापासून फायब्रिनचे बारीक चिवट धागे तयार होतात. धाग्यांचं जाळं विणलं जातं, त्यात लाल रक्तपेशी अडकतात आणि रक्त साकळतं. वरचा भाग वाळला, की तीच खपली! खपलीखाली नवी त्वचा तयार होत असते. हात कितीही शिवशिवले तरी खपली काढायची नाही, असं आई सांगते ते याचसाठी.

आता एक अडचण बघा. शेतातला पाण्याचा पाट फुटला, तर शेतकरी भगदाडात मातीची ढेकळं टाकतो. पण पाण्याला जोर असेल, तर ढेकळं वाहून जातात. मग तो आधी पाय आडवा घालून पाणी अडवतो आणि त्याच्या आडोशाने माती बसवतो. जखमेतही तसंच होतं. रक्त जोरात वाहत असेल, तर प्लेटलेट्स चिकटण्याआधीच वाहून जातात. आपण जखम दाबून धरली, की त्यांना बूच बसवायला आणि जाळं विणायला वेळ मिळतो. रक्त थांबवण्याचं काम शरीरच करतं. आपण त्याला सवड मिळवून देतो.

मजा म्हणजे, हे साकळणं मोडून काढणारे प्राणीही आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या जंगलात गेलात, तर पायाला जळू चिकटते. तिला पोटभर रक्त प्यायचं असतं, ते मध्येच साकळून कसं चालेल? म्हणून तिच्या लाळेत एक खास पदार्थ असतो. तो फायब्रिनचं जाळंच विणू देत नाही. जळू गळून पडल्यावरही त्या जागेतून बराच वेळ रक्त पाझरतं ते यामुळेच. घाबरायचं काही नाही, तिथेही दाबून धरायचं.

घोणस मात्र भयंकर. तिचं विष साकळण्यासाठी लागणारे घटक झपाट्याने वापरून संपवतं. मग नवं रक्त साकळतच नाही. साप चावलेल्या माणसाचं थोडं रक्त डॉक्टर काचेच्या स्वच्छ नळीत घेतात, वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त अजून पातळच असेल, तर विष रक्तात भिनलंय हे समजतं. म्हणून सर्पदंशावर घरगुती उपाय करत बसायचं नाही. तिथे कापायचं नाही, दोरीही आवळायची नाही. तडक दवाखाना गाठायचा.

काही मुलांच्या रक्तात साकळायला लागणारा एखादा घटक जन्मापासूनच कमी असतो. या आजाराला हिमोफिलिया म्हणतात. तुमच्या वर्गात असा मित्र असेल, तर त्याला लागल्याबरोबर बाईंना किंवा सरांना सांगा. त्याला लवकर दवाखान्यात न्यावं लागतं.

आता कामाचं बोलू. समोर कुणाला खोक पडली आहे, भळाभळा रक्त वाहतंय. काय कराल?

पहिलं, मोठ्या माणसाला हाक मारा. रक्त जास्त असेल, तर लगेच 108 किंवा 112 ला फोन करायला सांगा.

दुसरं, स्वच्छ रुमाल, ओढणी, जे हाताशी असेल त्याची घडी जखमेवर ठेवा आणि तळहाताने घट्ट दाबा. जखमी माणूस शुद्धीवर असेल, तर त्यालाच दाबायला सांगा. दुसऱ्याच्या रक्ताला हात लावण्याआधी हातावर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी चढवा आणि नंतर साबणाने हात धुवा.

तिसरं, घड्याळ बघून दहा मिनिटं दाबून ठेवा. 'थांबलं का?' म्हणून मध्येच उचलून बघायचं नाही! बघितलंत, की नुकतं बसलेलं बूच निघालंच म्हणून समजा. कापड भिजलं तरी ते काढू नका, त्यावरच दुसरं ठेवून आणखी जोराने दाबा.

चौथं, माणसाला आडवं झोपवा, अंगावर चादर घाला, धीर द्या. मोठी जखम असेल तर खायला-प्यायला काही देऊ नका.

जखमेत काच किंवा खिळा घुसलेला असेल, तर तो उपसू नका. त्याच्यामुळेच आतलं रक्त अडलेलं असू शकतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हळद, चहापूड, चुना, माती यातलं काहीही जखमेत भरू नका. त्यातून जंतू आत शिरतात आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. रक्ताची चिळकांडी उडत असेल, तर धमनी कापली गेली आहे असं समजा आणि क्षणही न घालवता दाबा. साधं खरचटलं असेल, तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुतलं, वर पट्टी लावली, की पुरे.

आणि उन्हाळ्यात नाकाचा घोळणा फुटतो तेव्हा? बहुतेक जण मान मागे टाकतात. ते चूक! रक्त घशात उतरतं आणि पोटात जाऊन उलटी होते. ताठ बसा, थोडं पुढे झुका, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा आणि तोंडाने श्वास घ्या. इथेही दहा मिनिटं, इथेही मध्ये सोडून बघायचं नाही. वीस मिनिटांनीही थांबलं नाही, तर दवाखान्यात जा.

रक्त बघून भीती वाटते, हे खरं. पण मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. रक्तदान करणारे काका-मावशी त्यातलं 350 मिलिलिटर देऊन चहा-बिस्किट खाऊन चालत घरी जातात. चमचाभर रक्त फरशीवर पसरलं, की खूप वाटतं. त्यामुळे गडबडून पळू नका. मात्र धार लागली असेल, तर दर मिनिट मोलाचं असतं आणि जवळ असणाऱ्यानेच हात पुढे करायचा असतो.

म्हणून आज संध्याकाळी एक काम करा. घरातल्या कुणाला तरी खोटा-खोटा जखमी बनवा, रुमालाची घडी करा आणि दहा मिनिटं दाबून धरायचा सराव करा. 108 आणि 112 हे आकडे धाकट्या भावंडांकडूनही पाठ करून घ्या. कुणाला खरोखर लागेल, तेव्हा तुमचे हात डगमगणार नाहीत.