वटवाघळांची मोजदाद कशासाठी?

बेळगाव असो की हैदराबादचे मलकपेठ, तिन्हीसांजेला घरात पाकोळी शिरली की आधी केरसुणी हाती येते. मराठीत वटवाघूळ म्हणा वा कन्नडात बावली, अपशकुनाची भीती दोन्हीकडे सारखीच! खरे तर बहुतेक जाती कीटक खाऊन जगतात, तर फळे खाणाऱ्या जाती रानात बिया पसरवतात.

भारतात वटवाघळांच्या सुमारे १३० जाती आहेत. त्यांतली एक अगदी दुर्मिळ जात आपल्या शेजारी, खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत राहते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या पाहणीत एस. एच. प्रेटर यांना ती सापडली आणि १९१३ मध्ये नवी जात म्हणून नोंदली गेली. राउटन या वनाधिकाऱ्याचे नाव तिला मिळाले. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे जगात तिचा दुसरा ठाव माहीत नव्हता. पुढे कंबोडियात आणि मेघालयात ती आढळली. बारापेडेचा परिसर २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे.

रानात वटवाघळे मोजायची कशी? संध्याकाळी पाऊलवाटेवर, ओढ्यावर बारीक धाग्यांची जाळी लावतात. सापडलेल्या जीवाचे माप घेऊन त्याला लगेच सोडतात. पण राउटनचे वटवाघूळ उंचावरून उडते, ते जाळ्यात सहसा येत नाही. अशांसाठी आपल्या कानांना न ऐकू येणारा आवाज टिपणारे यंत्र लागते. जातीनुसार आवाज बदलतो, म्हणून नुसत्या आवाजावरूनही बऱ्याच जाती ओळखता येतात.

मलकपेठेहून फार लांब नसलेल्या उस्मानिया विद्यापीठात भार्गवी व चेलमला श्रीनिवासुलु यांनी हेच काम केले आहे. कोलार जिल्ह्यातील हनुमनहळ्ळीच्या गुहेत उरलेली, दोनशेहूनही कमी वटवाघळे त्यांच्या अभ्यासामुळे लोकांसमोर आली. भोवती ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. मोजदाद झाली नसती तर ती कधी संपली, हेही कळले नसते.

बहुतेक मादी वर्षाला एकच पिल्लू देते. गुहेत धूर, फटाके वा टॉर्चचा त्रास झाला की वसाहत उठते आणि पिल्ले मरतात. तेव्हा वाचकहो, सहलीला गेलात तर गुहेत शिरू नका. बाहेर थांबून मुलांना संध्याकाळचे त्यांचे उड्डाण मात्र जरूर दाखवा.