तेलात बुडवलेला कॉम्प्युटर

चालू कॉम्प्युटर तेलात बुडवला तर? खनिज तेल असेल तर मजेत चालतो! या तेलातून वीज वाहत नाही. गल्लीतल्या डीपीचा ट्रान्सफॉर्मरही बहुधा तेलातच बसलेला असतो. 1985 चा क्रे-2 हा महासंगणक तर फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडूनच काम करायचा.

घरी माशांची काचेची टाकी पुरते. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, सगळं आत. पंखे तेलातही फिरतात, पण संथ, घट्ट ताकात रवी फिरावी तसे. बघत बसावं असं दृश्य!

तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा तेल हजारपटीहून जास्त उष्णता पोटात घेतं, म्हणून तापायला कित्येक तास लागतात. पण तापलं की लवकर निवतही नाही. त्यामुळे पंप आणि रेडिएटर हवाच, तिथे काटकसर नको.

जुनी फिरती हार्ड डिस्क मात्र बाहेरच ठेवा. तिला हवेसाठी बारीक छिद्र असतं; त्यातून तेल शिरलं की ती गेलीच. एसएसडी खुशाल बुडवा. गोडंतेल वापरू नका, खवट होतं. आणि केबलींवर लक्ष ठेवा: समईच्या वातीत चढावं तसं तेल त्यांच्यातून वर चढतं आणि टेबलावर थेंब थेंब गळत राहतं.