अमेरिकेतल्या शाळांमध्ये व्हिडिओ गेमचीही टीम असते, पण त्यात शिरायचं कसं?

समजा, अटलांटाजवळ राहणाऱ्या तुमच्या भावाचा फोन आला. म्हणाला, पोराचं शाळेच्या टीममध्ये सिलेक्शन झालं. इकडे आजोबा खूश. "कशात रे, टेनिसमध्ये?" पलीकडे जरा शांतता, मग उत्तर येतं, "नाही बाबा, व्हिडिओ गेममध्ये."

आता आजोबांनी पेढे वाटायचे की कपाळाला हात लावायचा?

तर भिडूंनो, विषय चेष्टेचा नाही. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. तिथल्या शालेय खेळांचे नियम ठरवणारी एक राष्ट्रीय संघटना आहे, तिचं नाव एनएफएचएस. या संघटनेनं २०१८ च्या एप्रिलमध्ये प्लेव्हीएस नावाच्या कंपनीशी करार केला आणि ऑक्टोबरमध्ये शाळा-शाळांमधले ईस्पोर्ट्सचे सामने सुरू झाले. सुरुवात पाच राज्यांपासून झाली: कनेक्टिकट, जॉर्जिया, केंटकी, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड. पहिला खेळ होता लीग ऑफ लेजंड्स. तेव्हा एका खेळाडूची एका सीझनची फी होती ६४ डॉलर. पुढे रॉकेट लीगसारखे खेळ आले. बंदुकीचे खेळ मात्र सुरुवातीला मुद्दामच बाहेर ठेवले गेले. शाळेत गोळीबार होण्याच्या बातम्या ज्या देशात येतात, तिथे शाळेच्याच नावानं शूटर गेम खेळवणं कुणाला पटणार?

आता मुद्द्याचं. टीममध्ये घेतात कुणाला?

पोरांना वाटतं, ज्याची रँक जास्त तो आत. रँक बघतात, नाही असं नाही. पण रॉकेट लीगचंच उदाहरण घ्या. हा गाड्यांनी खेळायचा फुटबॉल. एका बाजूला तीन गाड्या, सामना पाच मिनिटांचा. नवखी पोरं काय करतात? तिघंही बॉलच्या मागे धावतात, आपल्या गल्लीतल्या फुटबॉलसारखी. याला 'बॉल चेझिंग' म्हणतात आणि कोचच्या डोळ्यांत हीच गोष्ट सगळ्यात आधी खुपते. नीट खेळणाऱ्या टीममध्ये एक जण बॉलवर, दुसरा पाससाठी तयार, तिसरा मागे गोलजवळ. पहिल्यानं फटका मारला की तो फिरून मागे येतो आणि दुसरा पुढे सरकतो. हे चक्र फिरत ठेवायला बोलावं लागतं. "माझा", "सोडला", "मागे आहे", एवढंच, पण वेळेवर.

घरी एकट्यानं हजार तास खेळलेल्या पोराला बरेचदा हेच जमत नाही. त्याला अनोळखी लोकांबरोबर खेळायची सवय असते. गोल खाल्ला की समोरच्याला शिव्या घालायच्या आणि पुढची मॅच लावायची. शाळेच्या टीममध्ये ज्याला शिव्या घातल्या, तो उद्या गणिताच्या तासाला शेजारच्या बाकावर असतो. म्हणून ट्रायआउटला कोच अनेकदा मुद्दाम हरायला लावणारा सामना ठेवतात आणि स्क्रीनपेक्षा पोरांच्या तोंडाकडे जास्त बघतात. त्यामुळे मधल्या रँकचा, पण हरताना डोकं शांत ठेवणारा खेळाडू पुढे जाऊ शकतो. आमच्या मते हे बरोबरच आहे.

कोच म्हणजे कुणी मोठा गेमर असतो असंही नाही. बऱ्याच ठिकाणी तो कॉम्प्युटरचा, इंग्रजीचा नाहीतर इतिहासाचा शिक्षक असतो. सामने शाळा सुटल्यावर होतात. दोन्ही टीम आपापल्या शाळेत बसून ऑनलाइन खेळतात, त्यामुळे बसचा खर्च नाही.

दुसरी अडचण मात्र हमखास येते. शाळेच्या इंटरनेटवर गेम ब्लॉक असतात! सगळी तयारी झाली, पोरं खुर्च्यांवर बसली आणि गेम सर्व्हरलाच जोडला जात नाही. म्हणून शाळेत टीम नसेल आणि नव्यानं काढायची असेल, तर आधी एक तयार शिक्षक गाठायचा, इच्छुक मुला-मुलींची नावं लिहून काढायची, मग मुख्याध्यापकांकडे जायचं आणि त्याच आठवड्यात शाळेचं नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसालाही भेटायचं. हे शेवटचं काम लोक विसरतात. नॅसेफ नावाची संस्था शाळांना असे क्लब उभारायला मदत करते. ती फक्त खेळाडू शोधत नाही. सामन्याची कॉमेंट्री करणारा, जुन्या मॅचचे व्हिडिओ बघून चुका काढणारा, पोस्टर बनवणारा, वेळापत्रक सांभाळणारा, सगळ्यांना जागा असते. हात फार वेगानं चालत नसलेल्या पोरांसाठी हे दार मोठं आहे.

आता आईवडिलांना आवडेल अशी गोष्ट. राज्याच्या संघटनेनं ईस्पोर्ट्सला अधिकृत मान्यता दिली की फुटबॉल, बास्केटबॉलचे पात्रतेचे नियम इथेही लागतात. जॉर्जियात आधीच्या सत्रात किमान अडीच युनिटचे विषय पास व्हावे लागतात. साधारण अर्ध्या युनिटचा एक विषय धरला, तर पाच विषय. नापास झालात तर टीमचा कॅप्टन असलात तरी बाहेर. "गेम बंद कर आणि अभ्यासाला बस" हे घरात रोज ओरडून जे होत नाही, ते इथे नियमाच्या एका ओळीनं होतं, कारण तो बसला नाही तर बाकीचे दोघं अडकतात.

पण स्कॉलरशिपचं गाजर बघून यात पडू नका. शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस युनिव्हर्सिटी इलिनॉयनं २०१४ मध्ये लीग ऑफ लेजंड्सच्या खेळाडूंना स्कॉलरशिप दिली, तेव्हापासून ही चर्चा सुरू झाली. आज अनेक कॉलेजं देतात, पण बऱ्याचदा ती फीचा एक भाग भागवते. त्यापेक्षा त्याच वेळात मार्क वाढवले तर जास्त पैसे वाचण्याची शक्यता असते.

आपल्याकडे भारत सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ईस्पोर्ट्सला क्रीडा खात्याच्या अखत्यारीत आणलं. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे गेम आणि ईस्पोर्ट्स यांच्यात रेघही ओढली. त्याआधी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये, ईस्पोर्ट्स फक्त प्रदर्शनीय खेळ असताना, तीर्थ मेहतानं हर्थस्टोनमध्ये ब्राँझ मिळवलं होतं.

राहता राहिला अटलांटाचा भाऊ. पोरगं सहीसाठी फॉर्म घेऊन येईल, तेव्हा त्यानं तीन गोष्टी विचाराव्यात. गेमवर वयाचं रेटिंग काय आहे? रॉकेट लीगला 'ई' आहे, म्हणजे सगळ्यांसाठी. लीग ऑफ लेजंड्सला 'टी', म्हणजे १३ वर्षांपुढच्यांसाठी. सराव आठवड्यातून किती दिवस आणि सुटतो किती वाजता? आणि शाळेतला सराव झाल्यावर घरी येऊन परत तोच गेम किती वेळ चालणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पोरगं जरा अडखळत देईल, ते ऐकूनच सही करावी.